दोन घाटांच्या मधले तालुके

कोकणातून सह्याद्रीवर चढून येणारी पायवाट जिथे खडकात कोरलेल्या अरुंद खिंडीतून घाटमाथ्यावर उघडते, त्या नाणेघाटात दोन वस्तू आजही प्रवाशाला थांबवून ठेवतात: सातवाहनांची राणी नागनिका हिचा, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला मानला जाणारा ब्राह्मी शिलालेख, आणि खिंडीच्या तोंडाशी असलेला प्रचंड दगडी रांजण, ज्यात व्यापारी तांड्यांची जकात जमा होत असे अशी परंपरेने चालत आलेली समजूत आहे. कल्याण व सोपारा या बंदरांतला माल बैलांच्या पाठीवरून याच वाटेने जुन्नरच्या पेठेत येई, आणि त्या उदिमातून निर्माण झालेल्या संपत्तीच्या आधारेच जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी कोरली गेली. रस्ता ही या प्रदेशात काल-परवा आलेली वस्तू नाही. त्याच्यावरच हे नगर वाढले, आणि म्हणून जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांतील आजच्या रहदारीविषयी काही गंभीर तक्रार मांडावयाची असेल, तर प्रथम त्या ऋणाचा उच्चार करणे न्यायाचे होईल.

तथापि एकोणिसाव्या शतकात या प्रदेशाच्या नशिबी एक विचित्र उपेक्षा आली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीने मुंबईहून दख्खनमध्ये लोहमार्ग चढविला तो दोन ठिकाणी: दक्षिणेला बोरघाटातून १८६३ साली आणि उत्तरेला थळघाटातून १८६५ साली. एक मार्ग पुण्याकडे गेला, दुसरा नाशिककडे. आणि या दोन घाटांच्या बरोबर मधोमध, ज्या नाणेघाटाने कधीकाळी दख्खनचा व्यापार वाहिला त्याच्या पायथ्याशी आणि माथ्याशी, रेल्वेचा एकही रूळ पडला नाही. कल्याणहून माळशेजमार्गे नगरला जाणाऱ्या रेल्वेची मागणी पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे, पुणे-नाशिक रेल्वेचेही तेच. पण आज या दोन्ही तालुक्यांत मिळून एकही रेल्वे स्थानक नाही. मोटारीवरील परावलंबनाविषयी आपण बोलतो तेव्हा ते माणसाच्या हौसेचे किंवा प्रतिष्ठेच्या कल्पनेचे फळ आहे असे समजण्याकडे आपला कल असतो. मंचर, घोडेगाव, नारायणगाव, ओतूर, आळेफाटा येथील माणसाविषयी असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते, कारण त्याच्यापुढे निवड करण्याजोगे दुसरे काही ठेवलेच गेले नाही.

जे ठेवले गेले ते एस.टी.च्या रूपाने. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला पहिली गाडी सुटली, आणि त्यानंतरच्या चार दशकांत ‘गाव तिथे एस.टी.’ ही घोषणा डोंगरातल्या वाड्या-वस्त्यांपर्यंत बऱ्याच अंशी खरी झाली. संध्याकाळी गावात येऊन रात्री तिथेच राहणारी आणि पहाटे दुधाच्या किटल्या, शाळेची मुले व तालुक्याच्या कचेरीत काम असलेली माणसे घेऊन निघणारी मुक्कामी गाडी हे पश्चिम आंबेगावातील आणि जुन्नरच्या आदिवासी पट्ट्यातील महादेव कोळी समाजाच्या दृष्टीने सरकारचे सर्वांत दृश्य आणि सर्वांत उपयोगी रूप होते. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळून १५१ माणसे गाडली गेली, तेव्हा गाव जागेवर नाही हे प्रथम ज्याच्या ध्यानात आले आणि ज्याने ते जगाला कळविले, तो त्या मार्गावरचा एस.टी.चा चालक होता. ठरल्या वेळी ठरल्या गावी कोणीतरी जाते, या साध्या गोष्टीचे मोल त्या दिवशी महाराष्ट्राला कळावयास हवे होते.

पुढे मात्र फेऱ्या विरळ होत गेल्या, गाड्या जुन्या झाल्या, आणि २०२१ च्या अखेरीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत चाललेल्या कर्मचाऱ्यांच्या संपाने उरलीसुरली सवयही मोडली. ज्याला ऐपत होती त्याने दुचाकी घेतली, ज्याला अधिक होती त्याने चारचाकी, आणि ज्याला दोन्ही शक्य नव्हते तो वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीने बसला किंवा जाणेच त्याने टाळले. याच काळात पुणे-नाशिक महामार्गाच्या दक्षिण टोकाला, शेजारच्या खेड तालुक्यातील चाकण येथे, मोटारींचे मोठमोठे कारखाने उभे राहिले. आंबेगावचे अनेक तरुण तिथे मोटारी जोडावयास जातात आणि त्यासाठी रोज त्याच महामार्गाने येजा करतात. नोकरी, महाविद्यालय, इस्पितळ आणि न्यायालय ही सर्व ठिकाणे मोटारीच्याच अंतरावर गेली, की मोटार चैनीची वस्तू राहत नाही, ती जगण्याची अट होऊन बसते. आणि ज्याच्यापाशी ती नाही, त्या वृद्धाला, विद्यार्थिनीला वा मजूर स्त्रीला आपल्याच तालुक्यात परके होण्याची पाळी येते.

या अटीची किंमत निसर्ग कोणत्या नाण्यात चुकवितो ते आता पाहू. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड वायू हवेत जातो, आणि एक लिटर डिझेल जळाले की सुमारे २.७ किलो. इंधनाचे वजन किलोच्याही आत असताना वायू त्याच्या तिप्पट कसा, असा प्रश्न सामान्य वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की इंधनातील कार्बनचा प्रत्येक अणू जळताना हवेतील ऑक्सिजनचे दोन अणू बरोबर घेतो, आणि वजनात भर पडते ती त्यांची. नारायणगाव ते पुणे हे अंतर सुमारे ७५ किलोमीटर धरले आणि लिटरला १५ किलोमीटर जाणाऱ्या मोटारीत एकटाच गृहस्थ बसला आहे असे मानले, तर पाच लिटर पेट्रोल जळून साडेअकरा किलो वायू त्या एका माणसाच्या नावे पडतो. लिटरला साडेचार किलोमीटर जाणारी एस.टी. तेच अंतर तोडताना सुमारे ४५ किलो वायू सोडते खरी, पण तीत ४० उतारू असतील तर माणशी हिशेब सव्वा किलोच्याही आत येतो. एकाच कामाला, एकाच रस्त्याने, एकाच वेळी निघालेल्या दोन माणसांमधला हा फरक दहापटींचा आहे. त्यातही पेट्रोलमधल्या ऊर्जेचा जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा चाकांपर्यंत पोचतो, बाकीची उष्णता होऊन निघून जाते; आणि जो हिस्सा पोचतो तोही मुख्यतः हजार किलोचे लोखंड हलविण्यात खर्ची पडतो, आतल्या सत्तर किलोंच्या माणसासाठी नाही.

कार्बन डायऑक्साइडचा परिणाम साऱ्या पृथ्वीवर वाटला जातो; पण धुराड्यातून निघणाऱ्या इतर द्रव्यांचा परिणाम जवळच्याच शिवारावर आणि जवळच्याच छातीवर होतो. डिझेलचा धूर कर्करोगकारक आहे असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संशोधन संस्थेने २०१२ मध्ये स्पष्टपणे जाहीर केले. १ एप्रिल २०२० पासून भारतात लागू झालेल्या बीएस-सहा या मानकांमुळे नव्या गाड्यांचा धूर पुष्कळ निवळला, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. परंतु जुन्या गाड्या रस्त्यावर आहेतच, आणि टायर व ब्रेक यांच्या झिजेतून उडणाऱ्या सूक्ष्म कणांना धुराड्यावरचे कोणतेही मानक लागू पडत नाही. शेतकऱ्याने विशेष ध्यानात घ्यावा असा प्रकार निराळाच आहे. इंजिनातून निघणारी नायट्रोजनची ऑक्साइडे आणि अर्धवट जळालेली इंधनवाफ यांच्यावर प्रखर ऊन पडले की जमिनीलगतच्या हवेत ओझोन तयार होतो. उंच आकाशातला ओझोन आपले रक्षण करतो, पण हा खालचा ओझोन पानांच्या सूक्ष्म रंध्रांतून आत शिरून पेशी जाळतो. आणि तो वाऱ्याबरोबर वाहत शहराबाहेर दूरवर जात असल्याने गावाकडची हवा स्वच्छ, हा आपला समजही तो खोटा ठरवितो. १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियातील द्राक्षवेलींच्या पानांवर बारीक तपकिरी ठिपके उमटू लागले, तेव्हा त्यांचे मूळ लॉस एंजेलिसच्या मोटारींनी दूषित केलेल्या हवेत सापडले. द्राक्ष, टोमॅटो, बटाटा आणि घेवडा ही ओझोनला लवकर बळी पडणारी पिके. आणि द्राक्षांसाठी जुन्नर, टोमॅटोसाठी नारायणगावचा बाजार, बटाट्यासाठी मंचर व सातगाव पठार प्रसिद्ध आहेत, हे कोणाला सांगावयास नको.

आता ज्या प्राण्यामुळे जुन्नरचे नाव गेली पंचवीस वर्षे वर्तमानपत्रांत येत आहे, त्या बिबट्याकडे वळतो. कुकडी प्रकल्पाच्या येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे या धरणांनी या कोरडवाहू मुलखात पाणी आणले, पाण्याने ऊस आणला, आणि माणसाहून उंच, घनदाट, वर्षभर उभ्या राहणाऱ्या त्या उसात बिबट्याने घर केले. तिथे त्याची पिल्ले जन्मली, आणि ती मोठी होऊन त्यांनाही उसापलीकडचे रान ठाऊक राहिले नाही. २००१ ते २००३ या वर्षांत माणसांवरील हल्ले भयंकर वाढले; अनेक बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडण्यात आले, पण विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासातून पुढे असे दिसून आले की या स्थलांतराने संघर्ष शमला नाही. माणिकडोह येथील बिबट निवारा केंद्र ही त्याच काळाची निशाणी आहे. या संघर्षाच्या चर्चेत पिंजरा, भरपाई आणि नसबंदी हे शब्द वारंवार येतात, रस्ता हा शब्द क्वचितच येतो. वस्तुतः बिबट्याचा वावर रात्रीचा असतो, एका उसातून दुसऱ्या उसात जाताना त्याला डांबरी रस्ता ओलांडावा लागतो, आणि पुणे-नाशिक महामार्ग चौपदरी होऊन वाहनांचा वेग वाढल्यापासून हे ओलांडणे म्हणजे दर रात्री जिवाची बाजी लावणे झाले आहे. वाहनाच्या धडकेने बिबट्या ठार, ही बातमी या भागातल्या वाचकाला आता नवी राहिलेली नाही.

यातील एका बिबट्याची कथा मी इथे थोडी विस्ताराने सांगतो, कारण ती या प्रदेशाची आहे आणि तिचा शेवट रस्त्यावर झाला. मे २००९ मध्ये पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे एक वयस्क नर विहिरीत पडला. त्याला बाहेर काढण्यात आले, त्याच्या गळ्यात उपग्रहाशी संपर्क साधणारा पट्टा बांधण्यात आला, संशोधकांनी प्रेमाने त्याचे नाव ‘आजोबा’ ठेवले, आणि त्याला माळशेज घाटात सोडण्यात आले. तिथून तो निघाला आणि महिन्याच्या आत सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापाशी पोचला. वाटेत त्याने गावे ओलांडली, मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडला, कसाऱ्याजवळचा लोहमार्ग ओलांडला, आणि या सबंध प्रवासात एकाही माणसाला इजा केली नाही. त्याच्या आयुष्यावर २०१४ मध्ये मराठीत चित्रपटही निघाला. पण त्याआधीच, डिसेंबर २०११ मध्ये, मुंबई-अहमदाबाद महामार्गावर एका वाहनाने त्याला ठार केले होते. माणसांच्या वस्तीतून निमूटपणे वाट काढण्याचे जे शहाणपण त्याच्यापाशी होते, ते वेगापुढे निरुपयोगी ठरले; कारण शंभराच्या गतीने येणाऱ्या दिव्यांचा अर्थ लावण्यास लागणारा अनुभव कोणत्याही प्राण्याच्या वंशपरंपरेत साठलेला नाही.

आणि हे टाळता येत नाही असेही नाही. विदर्भात पेंच व्याघ्र प्रकल्पातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ रुंद करताना न्यायालयीन लढा द्यावा लागला खरा, पण अखेर तिथे प्राण्यांना खालून जाण्यासाठी नऊ प्रशस्त मार्ग ठेवण्यात आले, आणि त्यांतून वाघांसह अनेक प्राणी ये-जा करीत असल्याची छायाचित्रे उपलब्ध आहेत. पुणे-नाशिक रस्ता राखीव जंगलातून जात नाही, तो उसातून जातो, एवढ्याच कारणाने इथल्या बिबट्याचा जीव कमी मोलाचा ठरावा हे मला मान्य होत नाही. जिथे वारंवार अपघात होतात ती ठिकाणे वन खात्याच्या दफ्तरी आहेत. तिथे खालून वाट ठेवणे आणि रात्रीच्या वेगाला खरोखर आळा घालणे ही मोठ्या प्रकल्पाच्या खर्चात सहज सामावणारी कामे होत.

पश्चिमेकडे, घोडेगावावरून डिंभे धरणाच्या काठाने वर गेले की प्रश्नाचे रूप पालटते. भीमाशंकर अभयारण्य सुमारे १३१ चौरस किलोमीटरांचे, म्हणजे फार मोठे नव्हे. आणि शेकरू हा राज्यप्राणी, ज्याच्यासाठी ते विशेष ओळखले जाते, शक्यतो जमिनीवर उतरत नाही, झाडाच्या शेंड्यावरून शेंड्यावर उड्या घेत जातो. त्याच्या दृष्टीने वरच्या पानांचे छत हाच रस्ता होय, आणि आपला रस्ता रुंद होतो तेव्हा त्याचा तुटतो. आहुप्याच्या बाजूच्या देवरायांनी शतकानुशतके राखलेली ही सलगता काही मीटरांच्या डांबराने भंगते. श्रावणात आणि महाशिवरात्रीला ज्योतिर्लिंगाच्या दर्शनासाठी मोटारींची जी रीघ लागते तिच्यामुळे घाटात तासन्‌तास इंजिने चालू राहतात. अशा वेळी खासगी गाड्या अलीकडेच थांबवून भाविकांना एस.टी.ने पुढे नेण्याची व्यवस्था करण्यात येते, तीच वर्षभर का असू नये? माथेरानला दस्तुरी नाक्यापलीकडे मोटारी जात नाहीत, आणि त्यामुळे तिथे जाणाऱ्यांची संख्या घटली असे कोणी म्हणत नाही. देवाच्या दारापर्यंत मोटार गेलीच पाहिजे, असा हट्ट कोणत्याही भक्तिपरंपरेने शिकविलेला नाही. पंढरीची वाट तर आपण आजही पायीच चालतो. जुन्नर तालुका २०१८ मध्ये पर्यटन तालुका म्हणून घोषित झाला. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, नाणेघाट आणि माळशेज यांना तो मान शोभतोच, परंतु पावसाळ्यातल्या कोणत्याही रविवारी माळशेज घाटात अडकून पडलेली वाहनांची रांग पाहिल्यावर, पर्यटन म्हणजे मोटारी उभ्या करण्याची जागा वाढविणे, हा जो अर्थ रूढ होऊ पाहत आहे तो वेळीच दुरुस्त झाला पाहिजे असे वाटते.

राहता राहिली रेल्वे. पुणे ते नाशिक सुमारे २३५ किलोमीटरांच्या अर्ध-अतिजलद लोहमार्गाची जी आखणी पुढे आली, ती चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, आळेफाटा आणि संगमनेर अशी जाणारी होती, म्हणजे दीडशे वर्षांची उणीव तिने भरून निघाली असती. तिच्या आड आली ती खोडदची रेडिओ दुर्बीण. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या या दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्यांतील १४ मध्यभागी एकत्र आणि बाकीच्या तीन दिशांना दूरवर पसरलेल्या. अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेल्या अतिक्षीण लहरी त्या टिपतात, आणि रेल्वेच्या विद्युत्‌ तारांवर उडणाऱ्या ठिणग्यांनी निर्माण होणारा रेडिओ-गोंगाट त्यांना बधिर करू शकतो. दुर्बिणीचे म्हणणे रास्त आहे. जगातील ज्ञानाला पडलेली ही भर जुन्नरच्या भूमीवरून पडते याचा प्रत्येक मराठी माणसाला अभिमान वाटला पाहिजे. परंतु हेही ध्यानात ठेवावे की पेट्रोलच्या इंजिनातील ठिणगीसुद्धा रेडिओ-गोंगाट करते, इतका की अमेरिकेतील ग्रीन बँक येथील दुर्बिणीजवळ केवळ डिझेलची वाहने नेऊ देतात. लोहमार्ग अडचणीचा ठरून शिर्डीवरून जाणाऱ्या मार्गाचा विचार सुरू झाला. इकडे महामार्गावरची रहदारी मात्र कोणाची परवानगी न मागता वाढतच राहिली. दुर्बिणीपासून आवश्यक ते अंतर राखून, जरूर तिथे भुयारातून, पण या दोन तालुक्यांना स्थानक देणारा मार्ग शोधणे अभियंत्यांच्या बुद्धीबाहेरचे आहे, यावर माझा विश्वास बसत नाही.

विजेवर चालणाऱ्या वाहनांकडे बोट दाखवून कोणी म्हणेल, की काही वर्षांत हा सारा प्रश्नच मिटेल. १ जून २०२२ रोजी, एस.टी.च्या वर्धापनदिनी, त्याच पुणे-नगर मार्गावर ‘शिवाई’ ही विजेची गाडी सुरू झाली, ही खरोखर आनंदाची घटना होय. आणि अशा गाड्या नारायणगाव-मंचरच्या वाट्यालाही भरपूर याव्यात. पण खासगी मोटार विजेची झाली तरी टायर झिजणारच, बिबट्या मरणारच, रुंदीकरणासाठी वड आणि चिंचा तुटणारच, आणि ज्याला मोटार परवडत नाही तो फाट्यावर ताटकळत उभा राहणारच. टोमॅटोचे क्रेट घेऊन जाणाऱ्या शेतकऱ्याच्या पिकअपला किंवा रात्री रुग्णाला नेणाऱ्या गाडीला दोष देण्याचा माझा हेतू नाही. त्यांच्यासाठी रस्ता मोकळा राहावा, म्हणून तर ज्यांना एका गाडीत चाळीस जणांनी जाता येईल त्यांनी तसे जावे.

मार्च २०२३ पासून स्त्रियांना एस.टी.त अर्धे तिकीट लागते, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास विनामूल्य आहे. पण गाडीच नसेल त्या गावी या सवलतींचा लाभ कोणी घ्यावा? म्हणून जुन्नर आणि आंबेगावमधील वाचकांना माझी विनंती आहे की येत्या ग्रामसभेत नव्या रस्त्याच्या आणि रुंदीकरणाच्या ठरावांआधी एक ठराव मांडावा: आपल्या गावची बंद पडलेली मुक्कामी गाडी पुन्हा सुरू व्हावी, तिची वेळ शाळेच्या आणि बाजाराच्या वेळेशी जुळावी; आणि त्या ठरावाची प्रत आगार व्यवस्थापकाकडे, तहसीलदाराकडे आणि आमदाराकडे पोच घेऊन द्यावी.